मुक्या तोंडांचा श्रावण

सकाळपासून सासूबाई मासळीची भांडी घासतायत. कालवणाचा टोप, तवा, विळी, कोळंबी निवडायची ती चेपलेली परात. दिव्यांची अमावास्या आली की आमच्याकडे आधी ही भांडी माळ्यावर जातात आणि मग समया, निरांजनं खाली उतरतात. खाली मटणाच्या दुकानासमोर ही एवढी रांग लागलीय. उद्यापासून महिनाभर सोवळं व्हायचंय म्हणून आज सगळं पनवेल आडवा हात मारून घेणार. पाऊस काल रात्रीपासून उसंत देत नाही आणि कर्नाळा किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका ढगात कुठे गडप झालाय ते कळतसुद्धा नाही.

परात घासता घासता सासूबाई थांबल्या, ओट्याला धरून उभ्या राहिल्या. दोन-चार श्वास नुसते घेतले.

"आई, ठेवा ते. मी घासते."

"तुला त्या परातीचे कोपरे नाय जमत." पुन्हा घासायला लागल्या. मग पाठ न वळवताच विचारलं, "काय गो, डबा कुठं ठेवलास?"

"खालच्या कप्प्यात."

"मंग बरं."

एवढंच बोलणं. पण माझं लक्ष त्यांच्या श्वासाकडेच होतं. या सोमवारी त्यांच्या छातीची तपासणी आहे. जिना चढताना दम लागतो, पायाला सूज येते. डॉक्टर म्हणाले, "बघू या, घाबरण्यासारखं काही नाही." डॉक्टर असं म्हणाले की मी हमखास घाबरते. मी मुळातच भित्री. लहानपणी पेणला आमच्या घरामागच्या विहिरीत मी कधी वाकून पाहिलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो माझ्या मागे पाळण्यापासून लागलाय. पण श्रावण आला की जी भीती वाटते ती निराळी. तिला तोंडं आहेत. नारिंगी, पिवळी, मिटलेली तोंडं.

ती तोंडं आमच्या बैठकीच्या खोलीत आहेत. दाराशी चपलांचं कपाट, त्याच्या बाजूला काचेची टाकी, टाकीत खारं पाणी आणि पाण्यात एका कपारीखाली सावलीत बसलेलं नितीनचं कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ. नितीन म्हणजे माझा नवरा. उरणकडच्या बंदरात माल सोडवायच्या कामात असतो, दिवसभर कंटेनर आणि कागद. त्याचा एक मित्र परदेशी स्थायिक व्हायला निघाला, तेव्हा त्याने स्वतःच्या टाकीत वाढवलेल्या कोरलचा एक तुकडा याला देऊन टाकला. आपल्या किनाऱ्यावरून असलं काही उचलायला बंदी आहे, हे नितीननेच मला सांगितलं. मित्राकडचा तुकडा मुठीएवढा होता. मी पाहिलं तेव्हा मला तो भेंडीच्या जून देठांचा जुडगा वाटला.

"याला ऊन लागत नाही," नितीन कौतुकाने म्हणाला. बाकीची कोरलं म्हणे अंगात बारीक शेवाळ बाळगतात, ते शेवाळ उजेडावर अन्न करतं आणि घरबसल्या त्यांना पुरवतं. त्यांना वर चांगला दिवा लावून दिला की निम्मं काम झालं. "आपल्याकडे ती सोय नाही. हा बिचारा अंधारातला. याला हाताने भरवावं लागतं. आणि एकाला भरवून सगळ्यांचं पोट भरत नाही, बरं का. प्रत्येक तोंड वेगळं."

"म्हणजे घरात आणखी एक ताट," मी म्हटलं.

"ताट नाही गं. तीस-चाळीस ताटं."

हसले होते मी तेव्हा. पण त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ते फुललेलं पाहिलं. नितीनने पंप बंद केला. ओल्या जवळ्याचं, म्हणजे बारीक कोळंबीचं, नुसतं पाणी ड्रॉपरने त्याच्यावर सोडलं आणि हात काढून घेतला. काही झालं नाही. मी चहा ठेवून आले, तरी काही नाही. मग एका देठाच्या टोकाशी जरासं पिवळं दिसलं. मग शेजारी. बघता बघता प्रत्येक देठातून झेंडूसारखं फूल बाहेर आलं, प्रत्येकाच्या मधोमध एक तोंड, आणि सगळी तोंडं पाण्यात हात पसरून वाट बघत बसली. नितीनने एकेका तोंडाशी एकेक जवळा धरला. पाकळ्या मिटल्या, घास आत गेला.

"घाई केली की मिटून बसतं," तो म्हणाला. "आधी वास, मग घास."

टाकीतले दोन मासे लबाड, घास पळवायचे. म्हणून नितीनने प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून एक टोपी केली होती. जेवणाच्या वेळी ती कोरलवर पालथी घालायची आणि वरच्या भोकातून भरवायचं. उरलंसुरलं लगेच ओढून काढायचं, नाहीतर पाणी नासतं. कमी भरवलं तर उपाशी मरतं, जास्त भरवलं तर घाणीने मरतं. मला तर ऐकूनच घाम फुटला. असलं नाजूक जित्राब घरात आणायचं म्हणजे विकतची धास्ती! वीज गेली की मी आधी टाकीकडे धावायची. पाऊस वाढला, गाढी नदीचं पाणी पुलाला लागलं अशी बातमी आली की लोक तांदूळ-मीठ वर उचलतात, मी इन्व्हर्टरचं पाणी तपासायची.

सासूबाईंना हा प्रकार पहिल्यापासून पसंत नव्हता. त्या चिरनेरजवळच्या गावच्या, त्यांच्या माहेरी मिठागरं होती. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं. आता त्या जमिनींवर भराव पडलाय, कुठे काय होतं ते त्यांनाही धड दाखवता येत नाही. पण उधाणाची भीती त्यांच्या अंगातून गेलेली नाही. पोर असताना एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत बांध फुटला होता, खाडी घरात आली होती. चुलीवरचा भात तरंगत दाराबाहेर गेला, एवढंच त्या सांगतात.

"समुद्र घरात आनायचा नसतो रं," त्या नितीनला म्हणायच्या. "तो बोलवल्याशिवाय येतो. त्याला बोलवायचं कशाला?"

तरी वर्षभर कुरकुर नव्हती. अडचण यायची ती श्रावणात. घरात महिनाभर मासळी बंद, आणि या कोरलचा तर जीवच जवळ्यावर. नितीन मे महिन्यातच खाडीचा ओला जवळा आणायचा, धुवून, बारीक निवडून, लाल झाकणाच्या आइस्क्रीमच्या डब्यात भरून फ्रीजरला टाकायचा. सासूबाईंनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी विचारायचं, "डबा कुठं ठेवलास?" म्हणजे तो कप्पा महिनाभर त्या उघडणार नाहीत. "मी बगितला नाय, म्हंजे तो नाय," असा साधा हिशेब. देवाशी त्यांचं असं बरंच काही परस्पर ठरलेलं असतं.

पण काही वर्षांपूर्वी एका श्रावणात हा तोडगा मोडला.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर नितीनला ताप आला. बंदरातल्या आवारात गुडघ्याएवढं पाणी साचलं होतं, त्यातून तो दोन दिवस ये-जा करत होता, पायाला कुठेतरी खरचटलं होतं. साधा ताप म्हणून गोळ्या घेतल्या. मग पोटऱ्या दुखायला लागल्या, इतक्या की चादर लागली तरी ओरडायचा. एका सकाळी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे पिवळे होते. हळदीसारखे पिवळे. मी किंचाळले नाही हे माझं मलाच नवल वाटतं. रिक्षात बसताना तो म्हणाला, "पंप बघ गं, आवाज करतोय." त्या माणसाला स्वतःच्या अंगातला आवाज ऐकू येत नव्हता.

लेप्टो, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही. किडनी, लिव्हर, आयसीयू, बघू या, असे सुटे सुटे शब्द. आमच्या लेकीला माझ्या बहिणीकडे पेणला पाठवली. सासूबाई दुपारपासून संध्याकाळपर्यंत दवाखान्यात बसायच्या, सकाळी आणि रात्री मी. काचेच्या पलीकडे नितीन, अंगाला नळ्या, आणि आम्ही अलीकडे बाकावर. एका वेळी एकाच माणसाला आत सोडायचे. काचेपलीकडच्या जिवाकडे बघत बसायची मला घरी सवय होती, पण तिथे निदान हातात ड्रॉपर असायचा.

श्रावणी सोमवार आला. सासूबाईंनी दवाखान्यातून येऊन अंघोळ केली, गावदेवीच्या तसबिरीपुढे समई लावली आणि मोठ्याने, मला ऐकू येईल असं बोलल्या.

"माजा नितीन उठून घरला येईपर्यंत या घरात मासलीचा वासपन नाय शिरनार. बाये, तू बग."

आणि उठून त्यांनी फ्रीजर उघडला. तो कप्पासुद्धा, जो त्यांनी कधीच उघडला नव्हता. सुके बोंबील, सोडे, सुक्या कोळंबीचा बरणीभर साठा आणि लाल झाकणाचा डबा, सगळं पिशवीत भरलं. अन्न टाकायचं नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शबानाभाभींना देऊन आल्या. फ्रीजर पुसला, लिंबू फिरवलं.

"आई," मी घाबरत म्हटलं, "तो डबा कोरलचा होता."

"त्यांनापन श्रावण," त्या म्हणाल्या. "समुद्रात कोन भरवतो त्यांना? देव बगतो."

माझा नवरा, तसा त्यांचा मुलगा. त्यांनी त्यांच्याजवळ होतं ते पणाला लावलं होतं. खाडीकाठच्या खारेपाटातल्या बाईने जेवणातली मासळी सोडणं आणि घरातून वाससुद्धा हद्दपार करणं, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण मीही काहीतरी पणाला लावून बसले होते आणि ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी दवाखान्यातून घरी आले, टाकीत पाहिलं, तर सगळी तोंडं मिटलेली. नुसते देठ. आणि माझ्या मनात आपोआप आलं, हे फुललं तर नितीन घरी येईल. आलं ते आलं, मग जाईना. मी शिकलेली बाई आहे, शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला देते. काय सांगू, भीती शिरली की पदवीची सुरळी होते. मी रोज संध्याकाळी दार उघडायच्या आधी डोळे मिटायची, आणि मग आधी टाकीकडे बघायची. मिटलेलं. रोज मिटलेलं.

म्हणजे एका घरात दोन बायका, एकाच जिवासाठी. एकीचं म्हणणं, जवळा घरात आला तर तो जाईल. दुसरीचं म्हणणं, जवळा घरात आला नाही तर तो जाईल. दोघींनी एकमेकींना समजावायचं म्हटलं तर काय बोललो असतो आम्ही?

मी खाली शबानाभाभींकडे गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं, दारातच रडू आलं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि फ्रीजर उघडून लाल झाकणाचा डबा समोर ठेवला.

"हा नितीनभाईंच्या जनावरांचा ना? अम्मांनी दिला तेव्हाच वळखला मी. बाकीचं आम्ही खाऊ, इन्शाअल्ला. हा अमानत म्हणून ठेवलाय."

अमानत, दुसऱ्याची ठेव. मी त्यातला चिमूटभर जवळा वाटीत घेतला, वर ताटली झाकली, पदराआड धरून जिना चढले. स्वतःच्या घरात चोरासारखी. सासूबाई दवाखान्यात होत्या. मी खिडक्या उघडल्या, पंखा जोरात लावला. पंप बंद केला, वासाचं पाणी सोडलं आणि बसून राहिले. संध्याकाळ झाली. दिवा लावायची वेळ टळत होती तरी उठले नाही. आणि हळूच एका टोकाशी पिवळं दिसलं. मग दुसरं. मग, काय सांगू, सगळं कोरल फुललं. एक तोंडसुद्धा मिटलेलं राहिलं नाही. मी रडत रडत भरवत होते आणि एकीकडे हसत होते. वाचला, म्हटलं, वाचला.

फोन वाजला. दवाखान्यातून सासूबाई. "लवकर ये गो. त्याची किडनी थांबली म्हनतात. मशीन लावनार. सही पायजे."

बाटलीची टोपी माझ्या हातातून टाकीत पडली. ती तशीच राहिली. रिक्षात बसले तरी बोटांना जवळ्याचा वास येत होता. पनवेलच्या त्या पावसात मी रिक्षाबाहेर हात काढून धरला, वास गेला नाही. सही करताना माझी बोटं कागदाजवळ न्यायची मला भीती वाटत होती. आत यंत्रातून रक्त फिरत होतं आणि बाहेर सासूबाई माळ ओढत होत्या, आणि मी त्यांच्यापासून दोन हात लांब बसले, न जाणो, त्यांना वास आला तर. नेम मी मोडला. मी फुलवलं आणि तिकडे तो मिटला. असंच वाटलं मला, अगदी याच शब्दांत. ज्या कोरलच्या फुलण्यावर मी नितीनचा जीव टांगला होता, त्याने माझं काही एक देणं लागत नसल्यासारखं केलं. खरं तर ते लागतच नव्हतं. ते बिचारं जेवलं होतं, एवढंच.

त्यानंतर मी डब्याला हात लावला नाही. कोरलकडे बघायचंही सोडलं. बघितलं की राग यायचा आणि रागाखालून भीती. यंत्र एक दिवसाआड लागत होतं. काळ्या चहासारखी लघवी थेंब थेंब, मग तीही नाही. टाकीत पुन्हा सगळं मिटलं. मग देठांच्या कडेने मांस मागे सरायला लागलं आणि खालचं पांढरं दिसायला लागलं. मी ते पडद्याने झाकलं. टाकीवर पडदा टाकणारी बहुधा मीच पहिली बाई असेन.

एका संध्याकाळी मी कपडे न्यायला घरी आले. सासूबाई त्या दिवशी माझ्या आधी निघून आल्या होत्या, का ते कळलं नव्हतं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. घरात जवळ्याचा वास. ओल्या, खाडीच्या जवळ्याचा, चक्क घरभर.

टाकीवरचा पडदा बाजूला होता. सासूबाई पाटावर चढून उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, नाकावर चष्मा, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात नितीनचा तो लांब ड्रॉपर.

"आई!"

"गप. आवाज करू नको, मिटतील." त्यांनी मान वळवली नाही. "पंप बंद केलाय मी. आदी वास, मंग घास, असंच सांगतो ना तो?"

मी तिथेच जमिनीवर बसले. त्यांच्या हातून जवळा तोंडाशी नेईपर्यंत दोनदा निसटला. तिसऱ्यांदा एका मलूल पिवळ्या तोंडाने तो धरला.

"घेतला," त्या पुटपुटल्या. "घेतला गो."

"आई, पण तुमचा नेम?"

"नेम मी धरलाय. यांनी नाय धरला. मुक्या तोंडाला कसला उपास?" मग वाटीतला जवळा ड्रॉपरच्या तोंडाशी लावत राहिल्या. "आज शुद्धीवर होता थोडा. मला आत सोडला. मी म्हटलं, नितीन, बाला, काय दुकतंय? तर काय इचारतो, आई, त्यांना भरवलं काय? मी हो बोलले. पोटभर जेवले, बोलले."

"मग?"

"मग काय? पोर मरनाच्या दारात हाय. त्याला खोटं सांगून मी कुठं जाऊ?" चष्म्याखालून पाणी गळत होतं, ते टाकीत पडू नये म्हणून त्यांनी खांद्याला गाल पुसला. "म्हनून खाली गेले, शबानाकडं. बोलले, डबा दे. ती कायपन नाय इचारली."

सगळी तोंडं उघडली नाहीत त्या दिवशी. कडेची काही गेलीच होती, ती आजही पांढरी आहेत. पण जी उघडली त्यांना एकेक घास मिळाला. उरलेलं कसं ओढून घ्यायचं ते मी त्यांना दाखवलं. मग त्यांनी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, अंघोळ केली आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. मी आत कपड्यांची पिशवी भरत होते. घर एवढं लहान आहे की कुजबुजसुद्धा पोचते.

"बाये," त्या म्हणत होत्या, "मासली मी आनली घरात. सून नाय. तिनं आदी कायतरी केलंन, मला वास आलता, पन ती अजान हाय, तिला धरू नको. नेम माजा, मोडला मी. पोराला सोड. काय करायचं ते मला कर."

पिशवी माझ्या हातात तशीच राहिली. त्यांना वास आला होता. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर, दोन हात लांबून, त्यांना माझ्या बोटांचा वास आला होता आणि त्या माळ ओढत राहिल्या होत्या. मला त्या क्षणी नितीनपेक्षा त्यांची भीती वाटली. त्यांच्यासाठी वाटली, असं म्हणायला हवं. मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्या समोर कधीही काही ऐकल्याचं दाखवलं नाही.

नितीनला बरं वाटायला लागलं ते दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. तसं झालं असतं तर गोष्ट सोपी झाली असती. आणखी कितीतरी दिवस यंत्र, इंजेक्शनं, मध्ये एकदा फुफ्फुसात पाणी. मग एका सकाळी नर्सबाई बाहेर आल्या आणि हसून म्हणाल्या, "काकी, पेशंटला लघवी झाली. भरपूर." सासूबाईंनी भर दवाखान्यात मला मिठी मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. लघवी झाली म्हणून गळ्यात पडून रडणाऱ्या आम्हा दोघींकडे लोक बघत राहिले. बघेनात का.

तो घरी आला तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. चपला काढल्या आणि टाकीसमोर खुर्ची ओढून बसला. बराच वेळ बघत होता. "कडेची गेली," म्हणाला. "पण बाकीची छान आहेत. कोणी भरवलं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे.

"भूक लागली काय रं?" त्या म्हणाल्या. "पेज करते." आणि स्वयंपाकघरात गेल्या.

पुढे भाद्रपद आला, गणपती गेले, मासळीची भांडी माळ्यावरून उतरली. सासूबाईंनी पापलेटाचं कालवण केलं, नितीनला वाढलं, मला वाढलं आणि स्वतः वरण-भात घेऊन बसल्या. "दातांना सोसत नाय आता," म्हणाल्या. पापलेट दातांना सोसत नाही! नितीन हसला, त्याला खरं वाटलं. तेव्हापासून त्यांनी मासळी तोंडाला लावलेली नाही. करतात मात्र अजून तशीच, न चाखता मीठ बरोबर. आणि भरवतात. दर दोन दिवसांनी दिवेलागणीला पाटावर चढतात, श्रावण असो नसो, आणि ज्या बोटांनी संध्याकाळी समई लावली त्याच बोटांनी जवळा भरवतात. आमच्या घरातल्या सोवळ्याओवळ्याचा नियम आता कोणालाच नीट सांगता येणार नाही. नितीन बंदरावरून येतो, बाजूला उभा राहतो, "आई, त्या कोपऱ्यातल्याला राहिलं बघ," म्हणतो. नवीन तोंडंही फुटलीत दोन-चार, बारीक, टाचणीच्या डोक्याएवढी. त्यांना जवळा चिमटीने चुरडून द्यावा लागतो.

इतकी वर्षं झाली. पण मला ते वाक्य विसरता येत नाही. काय करायचं ते मला कर. मी मुलांना शाळेत हृदय शिकवते, चार कप्पे, झडपा, रक्ताचा प्रवास, फळ्यावर चित्र काढते, बाण काढते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दम लागला तर त्याला साधं वैद्यकीय कारण असतं, हे मला माहीत आहे. पायाची सूज कोणत्या देवीने पाठवली असं विद्यार्थ्याने लिहिलं तर मी शून्य देईन. तरी आज सकाळी त्या ओट्याला धरून थांबल्या तेव्हा मला फळ्यावरचं हृदय आठवलं नाही. मला तो देव्हारा आठवला. त्या दिवशी कबूल केलेलं कोणी लक्षात ठेवून असेल तर, एवढंच मनात आलं.

भांडी माळ्यावर गेली. सासूबाई जरा पडल्या. पाऊस वाढला होता, दुपारीच अंधारून आलं होतं. मी समया पुसून देव्हाऱ्यापुढे मांडल्या, वाती लावल्या, आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून, अगदी हळू, बोलले. मी आयुष्यात देवाशी कधी मोठ्याने बोलले नव्हते, त्यामुळे आवाज विचित्र आला.

"मासळी आधी मी आणली होती. त्यांनी नाही. तुला ठाऊक आहे. त्यांनी स्वतःवर घेतलं ते खोटं होतं. जे काही राहिलं असेल ते माझ्याकडून घे. त्यांना सोड."

"कोनाशी बोलतेस गो?"

मी दचकून वळले. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या देव जाणे.

"कोणाशी नाही, आई."

त्या चालत आल्या, सावकाश, मध्ये एकदा भिंतीला हात लावून. माझ्या शेजारी टेकल्या. एका समईची वात वाकडी जळत होती ती त्यांनी बोटाने सरळ केली.

"काय उपेग नाय," त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय तू काय सांगशील. मी तिला तवाच सांगून ठेवलंय, सुनेचं कायपन ऐकू नको म्हनून."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडू फुटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात ओला होता, गार होता, आणि श्वासाबरोबर वरखाली होत होता.

"चल, उठ," त्या म्हणाल्या. "तो डबा आन. तोंडं उगडायची वेल झाली त्यांची."

मी डबा आणायला उठले.